आई-वडील पहिल्यांदाच अमेरिकेला चाललेत, इमिग्रेशनला काय विचारतील?

जुळे सोलापुरातल्या एका भावाने विचारलंय. वडील ६८ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, आई ६३ ची, आठवी शिकलेली, दोघांना दहा वर्षांचा बी१/बी२ म्हणजे टुरिस्ट व्हिसा मिळालाय आणि पुढच्या महिन्यात ते बहिणीकडे न्यू जर्सीला चाललेत. तिकीट मुंबई, अबू धाबी, न्यूयॉर्क असं आहे, बरोबर कोणी नाही, आईला इंग्रजी येत नाही, इमिग्रेशनला काय विचारतात, काय कागद दाखवायचे, आणि "अडवलं तर काय" ह्या काळजीने आईची आत्तापासून झोप उडालीय.

आधी आईला म्हणावं शांत झोपा. मी सोलापुरात तिकीट, व्हिसा आणि ग्रुप टूरचं काम २२ वर्षं करतोय, वर्षातून दोन-तीन ग्रुप घेऊन स्वतः जातो, आणि लेकाकडे-लेकीकडे जाणारे असे आई-वडील इतके पाठवलेत की मोजायचं कधीच सोडून दिलंय. बहुतेकांचं काउंटरवरचं काम चार-पाच मिनिटांत उरकतं. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी परत आलेलं मला तरी आठवत नाही. अडकलेले जे आठवतात ते पोरांनी पाठ करून घेतलेल्या उत्तरांमुळे अडकले.

तुमच्या तिकिटात एक गोष्ट आहे जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्कला बहीण बाहेर उभी असेलच, काही झालं तर ती बघेल. पण अबू धाबीवरून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानाचं अमेरिकन इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात, प्रीक्लिअरन्स म्हणतात त्याला. म्हणजे जो काय इंटरव्ह्यू, बोटांचे ठसे, कस्टम्स, ते सगळं आखातातच, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर आपल्याकडे मुंबईहून गोव्याला उतरल्यासारखं, बॅग घ्यायची आणि बाहेर. हे एका परीने बरंय कारण सोळा-सतरा तासांचा प्रवास करून अर्धमेल्या अवस्थेत लाइनीत उभं राहावं लागत नाही. पण दोन गोष्टी सांभाळायला लागतात. एक म्हणजे अबू धाबीत दोन विमानांच्या मधला वेळ, दीड-पावणेदोन तासांचं कनेक्शन असेल तर मी ते तिकीट बदलून घ्या म्हणेन, निदान तीन तास हवेतच, कारण तिथे सिक्युरिटी परत होते आणि मग ही लाइन. दुसरं म्हणजे त्या वेळी न्यू जर्सीत मध्यरात्र असू शकते, आठ-नऊ तासांचा फरक आहे. बहिणीला त्या रात्री फोन उशाशी ठेवून झोपायला सांगा, सायलेंटवर नको.

ज्यांचं तिकीट अबू धाबीवरून नाही त्यांच्यासाठी, बहुतेक वेळा अमेरिकेत पहिल्यांदा जिथे विमान टेकेल तिथे इमिग्रेशन. पुढे डल्लासला जायचं असलं आणि शिकागोला विमान बदलायचं असलं तरी शिकागोलाच, आणि साधारणपणे बॅगापण तिथेच पट्ट्यावरून उचलून कस्टम्स करून परत द्यायला लागतात. लोक म्हणतात "बॅग थ्रू आहे की ओ", म्हणजे थेट शेवटपर्यंत जाणार, आणि बॅग तिथेच गोल गोल फिरत राहते.

आता काउंटर. तो अधिकारी पासपोर्ट स्कॅन करतो, फोटो काढतो, आधी उजव्या हाताची चार बोटं, मग अंगठा, कधी डावा हातपण. हे करता करता तो विचारत असतो. काय विचारतो? कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस. बस, नव्वद टक्के वेळा एवढंच. कधी पुढे मुलगी काय करते, जावई कुठे कामाला आहे, तुम्ही काय करता, खायचं काय आणलंय, पैसे किती आहेत. व्हिसाच्या फॉर्मवर तुम्ही जे भरलेलं असतं ते त्याच्यासमोर स्क्रीनवर असतं हे लक्षात घ्या. त्याला तुमची परीक्षा घ्यायची नसते, त्याला एवढंच बघायचं असतं की तोंडातलं उत्तर, कागद आणि तिकीट तिन्ही एकच गोष्ट सांगतात का.

आणि इथेच घोळ होतो. सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे "किती दिवस". शेजारच्या काकांनी सांगितलेलं असतं की सहा महिने मिळतात, म्हणून विचारलं की आपली माणसं ठोकून देतात, सिक्स मंथ्स. तिकीट मात्र तीन महिन्यांनंतरच्या परतीचं. त्याच्या मनात लगेच येतं की खरं काय? तुमच्या वडिलांचं परतीचं तिकीट ज्या तारखेचं आहे तेवढेच दिवस सांगायचे. थ्री मंथ्स. किंवा तारीखच सांगायची. सहा महिने द्यायचे का कमी, ते तो ठरवेल, तुम्ही मागायचं नसतं.

दुसरा घोळ नातवंडांचा. तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही पण मी अंदाज करतो, बहिणीकडे लहान बाळ असेल किंवा येणार असेल, कारण मे-जूनचा सुट्टीचा सीझन सोडून तीन महिन्यांसाठी आई जाते ती बहुतेक वेळा ह्याच कारणाने. आता आपल्याकडे "बाळ सांभाळायला चाललोय" हे किती कौतुकाने सांगायचं वाक्य आहे. पण तिकडे मूल सांभाळणं हा धंदा आहे, त्याला पगार असतो, आणि टुरिस्ट व्हिसावर काम चालत नाही. ते वाक्य हिंदीतून इंग्रजीत गेलं की "टू टेक केअर ऑफ बेबी", आणि मग पुढचा प्रश्न येतो, हू पेड युवर टिकेट, विल दे पे यू? मी इथे खोटं बोला म्हणत नाहीये, नीट समजून घ्या. बाळ आहे ते लपवायचं नाही. तुम्ही लेकीला आणि नातवाला भेटायला चाललाय, त्यांच्यासोबत राहणार आहात, आजी नातवाला मांडीवर घेणार आहे, हेच खरं आहे आणि हेच सांगायचं. आणि जर खरोखरच प्लॅन असा असेल की डे-केअरचे पैसे वाचवायला आईला आळीपाळीने सहा-सहा महिने बोलवायचं, तर त्याचा विचार बहीण-भाऊजींनी करायला पाहिजे, आईच्या तोंडी वाक्य बसवून तो प्रश्न सुटत नाही. सारखी सारखी सहा महिने राहून दोन महिन्यांत परत जाणारी माणसं दोन-तीन चकरांनंतर हमखास विचारली जातात.

पाठ करून घेण्याचा किस्सा माझा स्वतःचाच आहे. सुरुवातीच्या वर्षांत युरोपात एक ग्रुप घेऊन चाललो होतो, माझा व्हिसापण टुरिस्टच. आदल्या रात्री मी सगळ्या ग्रुपला दम दिला होता, कुणी काही विचारलं तर फक्त "टुरिस्ट, टेन डेज" म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. एकेक करून चौदा माणसं बाहेर पडली. शेवटी माझा नंबर. अधिकाऱ्याने विचारलं व्हॉट डू यू डू, मी छातीठोक सांगितलं टूर मॅनेजर. मग विचारलं, हे सगळे तुमच्याबरोबर? हो. म्हणजे तुम्ही इथे कामाला आलाय? आणि मी, जो सगळ्यांना दम देत होतो, तो काय बोलावं सुचेना म्हणून म्हणालो "नो नो, टुरिस्ट, टेन डेज". त्याने फक्त वर बघितलं. पाऊण तास बाजूच्या खोलीत. बाहेर चौदा सोलापूरकर बॅगांवर बसलेले, त्यातल्या एका आजींनी तिथेच डबा उघडून सगळ्यांना चटणी-भाकरी वाटली. मी सरळ सांगितलं असतं की माझी एजन्सी भारतात आहे, पगार भारतात, इथे कुणाकडून पैसे घेत नाही, तर दोन मिनिटांचं काम होतं, कारण शेवटी खोलीत बसून तेच सांगितलं आणि सुटलो. त्यानंतर मी ग्रुपला वाक्यं देणं बंद केलं.

बोटांच्या ठशांचं वेगळं सांगतो कारण सोलापूरकरांना हे जास्त लागतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक तेलुगू मावशी होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. मी त्यांच्या मागेच लाइनीत होतो. मशीनवर बोटं ठेवली की लाल लाइट, परत ठेवली की लाल. अधिकारी म्हणतोय प्रेस हार्डर, त्यांना कळेना, त्या हात उचलून त्याला तळवे दाखवायला लागल्या, हे बघ बाबा गेल्यात रेषा. तेलुगूत आणि मराठीत मिसळून. त्याने स्वतः ओला टिश्यू काढून दिला, कसं पुसायचं ते करून दाखवलं, मग बोटांवर वरून आपल्या हाताने दाबायचा इशारा केला आणि पाचव्या वेळी हिरवं. त्याचं तोंड एकदाही वाकडं झालं नाही. तर आईंचे हात भांड्या-धुण्याने, चुन्याने कोरडे पडलेले असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री व्हॅसलीन चोळा, विमान उतरायच्या आधी थोडं क्रीम लावा, आणि मेंदी नको, निदान त्या महिन्यात तरी नको.

इंग्रजीचं. आईंना "हिंदी प्लीज" एवढं म्हणता आलं पाहिजे, बस. हिंदी समजणारं कोणीतरी बोलावतात किंवा फोनवर जोडून देतात. नवरा-बायको एका काउंटरला एकत्र जाऊ शकतात, जावंच. पण मास्तरांना एक सांगा, हे मी सगळ्या मास्तरांना सांगतो, आईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. त्याने बाईंकडे बघून विचारलं आणि साहेबांनी उत्तर दिलं की तो परत बाईंनाच विचारतो, थोडा आवाज चढवून, आणि मग त्या घाबरतात. आईंना नुसतं "डॉटर, न्यू जर्सी, थ्री मंथ्स" आलं तरी पुष्कळ आहे, चुकलं तरी चालतंय.

व्हीलचेअर घ्या. लोकांना लाज वाटते. एअरलाइनकडून फुकट मिळते, तिकिटावर आधी टाकून घ्यायची, ढकलणारा माणूस बरोबर येतो, वेगळ्या लाइनीतून नेतो, गेटपर्यंत पोचवतो, आणि एकाला व्हीलचेअर असली की दुसरा बरोबरच चालतो, म्हणजे दोघं हरवायचा प्रश्न मिटला. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी उगाच घेऊ नये हे खरंय, पण ६३ वर्षांच्या बाईने एवढं लांब चालून मग तासभर उभं राहायचं ह्यात लाज कसली. फक्त पासपोर्ट त्या माणसाच्या हातात द्यायचा नाही, आपल्याच गळ्यातल्या पाऊचमध्ये.

कागद. माझ्याकडे येणारे लोक जाडजूड फाइल घेऊन येतात, सातबारा, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती, एकाने तर रेशनकार्ड लॅमिनेट करून आणलेलं. ते सगळं व्हिसाच्या वेळी ठीक होतं. इथे हातात फक्त पासपोर्ट. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही. बाकी एका प्लास्टिकच्या पाऊचमध्ये परतीचं तिकीट, बहिणीचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात इंग्रजीत, तिच्या व्हिसाची किंवा ग्रीन कार्डची झेरॉक्स, ट्रॅव्हल इन्शुरन्स, औषधांची इंग्रजी चिठ्ठी. मागितलं तर द्यायचं, न मागता पुढे सरकवायचं नाही. आणि हे सगळं कागदावर पाहिजे, मोबाइलमध्ये नको, इमिग्रेशनच्या हॉलमध्ये मोबाइल काढू देत नाहीत. मोबाइलचं अजून एक, अधिकाऱ्याला संशय आला तर तो फोन उघडून बघू शकतो, तो अधिकार त्यांना आहे. वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी गमतीत "तिकडेच पेट्रोल पंपावर काम बघा सर" असं लिहिलं असेल तर ती गंमत तिथे कुणाला कळत नाही.

बाजूच्या खोलीत बसवलं तर? त्याला सेकंडरी म्हणतात. म्हणजे अटक नाही. कधी नाव दुसऱ्या कुणाशी जुळतं, कधी ठसे येत नाहीत, कधी नुसतंच. बसायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं, पाणी मागायचं, बीपी-शुगरची गोळी हँडबॅगमध्ये असेल ती वेळेवर घ्यायची. तिथे एकच पथ्य, पहिल्या काउंटरला जे सांगितलं तेच सांगायचं, आणि न समजलेल्या कागदावर सही करायच्या आधी हिंदीत समजावून मागायचं. खोटं सांगितलेलं पकडलं गेलं तर मात्र फार वाईट होतं, अमेरिकेच्या कायद्यात त्याला कायमची बंदी आहे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी, आत घ्यायचं का नाही ते त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, दहा वर्षांचा असला तरी.

मुंबईचं आता. आधी आपलं इमिग्रेशन, मग सिक्युरिटी. भारतीयांना जाताना भरायचा तो फॉर्म २०१७ मध्येच बंद झाला, कुणी विकत द्यायला लागलं तर घेऊ नका. आई दहावी नाही म्हणून पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी जायला सरकारी परवानगी लागते असा शेरा, असेल आणि कुणीतरी घाबरवलं असेल, तर ते नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांसाठी आहे, अमेरिका त्यात नाही, आणि ५० वर्षांच्या वरच्यांना त्यातून सूटच आहे. आपला अधिकारीपण विचारतो कुठे चाललाय, कुणाकडे, ती चांगली रंगीत तालीम समजा. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर पकडून सकाळी मुंबईत उतरलात आणि विमान रात्रीचं असलं तर दिवसभर एअरपोर्टच्या खुर्चीवर काढू नका, नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण करून झोप काढा. दमलेला माणूस प्रश्न नीट ऐकत नाही. फ्लाइटच्या चार तास आधी टर्मिनलला.

खाऊ. ह्यावर मी अर्धा तास बोलू शकतो. शेंगा चटणी, कडक भाकरी, पापड, मसाला, पॅक केलेलं चालतं, न्या. ताजी फळं, आंबा, कढीपत्ता, कोथिंबीर, मटणाचा कुठलाही प्रकार नाही, सुकवलेला असला तरी नाही. तांदूळपण नाही, आपल्याकडच्या, धान्यात होणाऱ्या खापरा किड्यामुळे तिकडे बंदी आहे. खसखस तर घरातच ठेवा, अमेरिकेचा प्रश्नच नाही, यूएईमध्ये ती ड्रग्जमध्ये मोडते आणि तुम्ही अबू धाबीवरून चाललाय. काळ्या मसाल्यात खसखस घालत असाल तर तो मसालापण राहू द्या. आणि "फूड आहे का" विचारलं की येस म्हणायचं. आपली बायकामाणसं घाबरून नो म्हणतात आणि बॅगेत सहा किलोचं फराळाचं. हो म्हणून दाखवलं आणि एखादी वस्तू चालत नसली तर ती काढून घेतात, विषय संपला. नाही म्हणून सापडलं तर दंड, आणि नोंद राहते ती पुढच्या प्रत्येक वेळी समोर येते. अमेरिकेतल्या एअरपोर्टवर पट्ट्याजवळ बीगल कुत्री फिरतात, तुमच्या बॅगेजवळ येऊन शांतपणे बसतात. कुत्रं बसलं की समजा आंबा सापडला. रोख पैसे जास्त नेणार नाहीतच, पण दोघांचे मिळून १० हजार डॉलरच्या वर असतील तर सांगावं लागतं.

अमेरिका सोडून दुसरीकडे जाणारे पण हे वाचतील म्हणून पटकन, थायलंडला १ मे २०२५ पासून ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, सिंगापूरलापण आहे, दोन्ही उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत आणि दोन्ही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी, माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने माणशी चार हजार घालवलेले. युरोपातल्या बहुतेक देशांत ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झालीय, त्यामुळे पहिल्या वेळी लाइन लांब लागते, आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं ह्या नियमाचा हिशेब आता कॉम्प्युटरच ठेवतो.

परत तुमच्याकडे. आत गेल्यावर एक काम राहतं जे कुणीच करत नाही. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. ह्या वेळी किती दिवस राहायचं ती तारीख आय-९४ नावाच्या ऑनलाइन नोंदीत असते, बहुतेक वेळा सहा महिन्यांची, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर कमी असू शकते, आणि आजकाल पासपोर्टवर शिक्का मारतीलच असं नाही. बहिणीला म्हणावं घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी अमेरिकन कस्टम्सच्या सरकारी साइटवर पासपोर्ट नंबर टाकून दोघांची आय-९४ काढ, प्रिंट घे, नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघ. दोघांची तारीख वेगळी पडलेली मी पाहिलीय, नवऱ्याला सहा महिने आणि बायकोला चार. त्या तारखेच्या एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो, आणि १८० दिवसांच्या वर जास्त राहिलं तर तीन वर्षं, वर्षभर राहिलं तर दहा वर्षं परत जाता येत नाही.

वडील मास्तर आहेत, त्यांना सवय असेलच, ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवा म्हणावं, एक गोल तिकडे बहिणीच्या भिंतीवर आणि एक इकडे तुमच्या. येताना अबू धाबीत कसलाही इंटरव्ह्यू नाही, नुसतं गेट बदलून मुंबईच्या विमानात बसायचं. ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं जाईल, कारण तोपर्यंत आईंना सगळं पाठ झालेलं असतं आणि त्याच लाइनीतल्या दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगत असतात.